जुनी डिझेल अर्टिगा घ्यावी का? घरात सहा माणसं, आईचे गुडघे आणि कुंभार्ली घाट

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. राहायला कराडला. आम्ही दोघं, दोन मुलं (एक सातवीत, एक पहिलीत) आणि आई-बाबा. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झाली आहेत. गाव गुहागरजवळ, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कुंभार्ली उतरावा लागतो. माझं काम फिरतीचं, सगळं धरून महिन्याला दीड हजार किलोमीटर होतात. आहे त्या हॅचबॅकमध्ये आता मावत नाही.

दोन गाड्या बघितल्या आहेत. एक २०१७ ची डिझेल अर्टिगा (मारुतीची सात सीटची), जुन्या आकाराची. दुसरी २०१९ ची नव्या आकाराची, १.५ डिझेल, ती बजेटच्या जरा वर जाते. घरचे म्हणतात सीएनजी घे. रोज वापरणाऱ्यांनी सांगा: सहा माणसं आणि सामान खरंच बसतं का? घाटात गाडी ओढते का? आणि आता डिझेल घेण्यात अर्थ आहे का?

भोसरीवाला

सीएनजीच घ्या. डिझेल नव्वद रुपये धरलं आणि गाडीने अठराचं अ‍ॅव्हरेज दिलं तर दीड हजार किलोमीटरला साडेसात हजार लागतात. सीएनजी किलोमागे एकवीस चालली तर सहा-साडेसहा हजारांत भागतं. डिझेल गाडीचं सर्व्हिसिंगही महाग पडतं. माझी सीएनजी अर्टिगा शहरात चालते, एकदम समाधानी आहे.

वाशिष्ठी

कोयनाकाठ दादा, मी चिपळूणची. घरी जुन्या आकाराची डिझेल अर्टिगा आहे आणि ती बहुतेक वेळा मीच चालवते. सासूबाई, सासरे, मुलं, अधूनमधून नणंदेची मुलं, असा आमचाही गोतावळा आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

भोसरीवाले दादांचा पेट्रोलपंपाचा हिशेब बरोबर आहे, पण तो शहरातला. सीएनजीची साठ लिटरची टाकी तिसऱ्या सीटच्या मागे बसते. म्हणजे सहा माणसं बसली की डिकी संपली. गावाला जाताना तुमच्याकडे बॅगा असतील, येताना तांदूळ, नारळ, कोकम, सीझनला आंब्याच्या पेट्या. ते सगळं टपावर टाकून पावसाळ्यात कुंभार्ली चढायचा का, हे आधी ठरवा. कराडहून निघताना टाकी भरलीत तरी परतीपर्यंत गॅस पुरणार नाही, वाटेत पुन्हा भरावा लागेल नाहीतर पेट्रोलवर यावं लागेल. आणि पंपावर रांग असेल तेव्हा मुलं आणि आजी-आजोबा गाडीत ताटकळतात.

आता जागेचं. जुन्या आकाराची २०१७ ची गाडी ४,२९६ मिलिमीटर लांब आहे आणि सातही सीट उघड्या असताना डिकी १३५ लिटरची. नव्या आकाराची, म्हणजे नोव्हेंबर २०१८ नंतरची, ४,३९५ मिलिमीटर लांब आणि डिकी २०९ लिटर. दोन्हींचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) सारखाच, २,७४० मिलिमीटर. कागदावर फरक बोटभर वाटतो, पण रोजच्या वापरात तो मोठा आहे. जुनीत तिसऱ्या सीटमागे दप्तरं आणि दोन उभ्या पिशव्या राहतात, बस्स. नवीत दोन मध्यम बॅगा उभ्या मावतात आणि तिसऱ्या रांगेची पाठ थोडी मागे कलतेही.

पण तुम्ही सहाजण आहात ना? मग तिसऱ्या रांगेत एकच सीट उघडा. ती दोन भागांत दुमडते. एका भागावर मोठा मुलगा, दुसरा भाग पाडून त्यावर सामान. आमचं घर असंच चालतं. पन्नास किलोचं तांदळाचं पोतं तिथे आडवं बसतं, वर बॅगा. फक्त सामानाला दोरी बांधा, नाहीतर घाटातल्या वळणावर ते शेजारच्या पोराच्या अंगावर सरकतं.

तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाला बसवू नका. तिथली फरशी उंच आहे, गुडघे छातीकडे येतात. आईंना तर मुळीच नाही. त्यांची जागा मधली, दाराजवळची. सासूबाईंना संधिवात आहे. त्या आधी सीटवर टेकतात, मग दोन्ही पाय एकदम आत घेतात. जीपसारख्या उंच गाडीत हे जमत नाही आणि खाली बसक्या सेडानमधून उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो. अर्टिगाची सीट त्या दोन्हींच्या मधे आहे. मला ही गाडी आवडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. गाडी बघायला जाल तेव्हा आईंना बरोबर न्या, चार वेळा चढ-उतार करायला सांगा. मधली सीट पुढे-मागे सरकते, ती मागे ढकलून बघा.

मागचा एसी आहे की नाही हेही बघा. छताला मधल्या रांगेच्या वर वेगळा ब्लोअर असतो. तो नसेल तर एप्रिल-मेमध्ये मागचं पोर घामाने भिजून निघतं आणि उलट्या सुरू होतात.

घाटाबद्दल. २०१७ च्या गाडीत १,२४८ सीसीचं इंजिन आहे, नव्वद पीएस ताकद आणि २०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर. अठराशे-दोन हजार आरपीएमच्या खाली टर्बो झोपलेला असतो. भरलेल्या गाडीने पोफळीच्या पुढची वळणं तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत घेतलीत तर गाडी गुदमरते आणि मागचा ट्रक हॉर्न मारतो. वळणाच्या आधीच दुसरा टाका, ॲक्सिलेटर हलका दाबून धरा, मग ती विनातक्रार चढते. एसी बंद करावा लागत नाही. उतरतानाही दुसराच, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. २०१९ च्या १.५ ला पंचाण्णव पीएस, २२५ न्यूटन मीटर आणि सहा गिअर आहेत. ती खालून लवकर उचलते, हायवेलाही शांत चालते. हे इंजिन २०१९ मध्ये आलं आणि एप्रिल २०२० ला बीएस-६ हा प्रदूषणाचा कडक नियम लागू झाल्यावर मारुतीने डिझेल बंदच केलं, म्हणून अशा गाड्या बाजारात कमी दिसतात.

तुम्ही बघितलेल्या दोन्ही गाड्या त्याआधीच्या बीएस-४ नियमातल्या आहेत. आरसी पंधरा वर्षांची, म्हणजे २०१७ ची २०३२ पर्यंत, पुढे फिटनेस करून नूतनीकरण करावं लागतं. दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद करण्याचा जो नियम दिल्लीत आला, तो आपल्याकडे नाही.

आणखी एक, आणि हे कळकळीने सांगते. २२ जुलै २०२१ ला आमचं चिपळूण बुडालं. २०१९ ला सांगली-कोल्हापूर बुडालं होतं. त्या पाण्यात गेलेल्या गाड्या धुऊन-पुसून लांबच्या गावांत विकल्या गेल्या. आमच्या नात्यातल्या एकाला एका एजंटाने अशीच चकचकीत गाडी दाखवली होती. मधल्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला तर आतल्या बाजूला चिखलाची तांबूस रेघ. वरचा हातभर बेल्ट स्वच्छ धुतलेला, गुंडाळीतला तसाच राहिलेला. तिथूनच परत फिरलो. तुम्ही सगळे बेल्ट असेच ओढून बघा. सीटच्या पट्ट्यांवरचा गंज बघा, पायाखालचं कार्पेट उचलून खाली हात घाला. इन्शुरन्सचा जुना क्लेम झालाय का ते विचारा. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली लटकलेली असते, तिचा हूक आणि साखळी खाली वाकून बघा, किनाऱ्याकडच्या गाड्यांत तिथे गंज आधी धरतो.

द्राक्षबाग

वाशिष्ठी ताईंशी सहमत. नाशिकहून लिहितोय. आमच्याकडे महिंद्राची मराझो आहे, आमच्या नाशिकमध्येच बनलेली. १.५ डिझेल, ३०० न्यूटन मीटर, घाटात दम लागत नाही आणि तिसऱ्या रांगेत माझे काका आरामात बसतात. पण ती रुंद आहे. जुन्या गल्लीत राहत असाल तर आरसे मिटून आत घालावी लागेल. बजेट वाढवता आलं तर २०२२ नंतरची कियाची कॅरेन्स डिझेल बघा, २५० न्यूटन मीटर आणि सहा एअरबॅग. मात्र तिला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आहे. रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या असतील तर काजळी साठते आणि दिवा लागतो. तुमचं रनिंग लांबचं आहे, तुम्हाला अडचण नाही.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईला घेऊन दोन्ही गाड्या बघून आलो. तिला दोन्हींत बसता आलं. २०१७ च्या मालकाकडे सर्व्हिसची सगळी बिलं आहेत, पण गाडी आधी टुरिस्ट परमिटवर होती, नंतर पांढरी प्लेट केली असं आरसीवरून दिसतंय. २०१९ ची एकहाती आहे, कर्ज फिटलंय पण बोजा अजून चढलेला दिसतो. काय करू?

वाशिष्ठी

परमिटवरची गाडी सोडा. मीटरवर कितीही आकडा दिसो, क्लच आणि सस्पेन्शनने किती माणसं वाहिली ते कळत नाही. २०१९ च्या मालकाला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) आणायला सांगा. आरटीओत बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, टोकन फक्त लेखी पावतीवर. आणि घेण्याआधी गाडी सकाळी थंड असताना सुरू करायला लावा. आधीच गरम करून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. धूर कोणत्या रंगाचा येतो ते बघा, काळा किंवा निळसर येत राहिला तर मेकॅनिकशिवाय पुढे बोलू नका.

सहाही जण आत बसवून पाटणपर्यंत एक चक्कर मारा. मालक नाही म्हणाला तर तेही उत्तरच समजा.