अंडाशयाचा कर्करोग: एवढा दाह असूनही टी पेशी गप्प का?

प्रश्न: या कर्करोगात पोटात साठणाऱ्या पाण्यात (जलोदरात) आयएल-६ हे दाह वाढवणारं प्रथिन भरपूर सापडतं. मग टी पेशी, म्हणजे शरीराच्या लढाऊ प्रतिकारपेशी, गाठीवर तुटून का पडत नाहीत?

उत्तर १: कारण हा मुरलेला दाह आहे. आयएल-६ मुळे मॅक्रोफेज या भक्षक पेशींमधलं स्टॅट३ हे संकेत देणारं प्रथिन सतत चालू राहतं; त्या पेशी प्रतिकार शमवणारं आयएल-१० सोडतात, अंगावर टी पेशींना थोपवणारं पीडी-एल१ हे प्रथिन वाढवतात. सीसीएल२२ हे पेशींना खेचणारं प्रथिन सोडून नियामक टी पेशींनाही (इतर टी पेशींना आवरणाऱ्या) बोलावून घेतात. मारक टी पेशी पोचल्या तरी त्यांना लगाम बसतो.

उत्तर २: कॉक्स-२ हे विकर (एन्झाइम) विसरू नका! त्यातून तयार होणारं प्रोस्टाग्लँडिन ई२ टी पेशींना शत्रूची ओळख करून देणाऱ्या डेंड्रिटिक पेशींचं काम बिघडवतं. नुसतं पीडी-१ (टी पेशींवरची जागा, जिथे पीडी-एल१ चिकटतं) अडवून भागत नाही ते यामुळेही. पीडी-१ अडवणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाच्या कीनोट-१०० चाचणीत प्रतिसाद जेमतेम ८ टक्के रुग्णांत दिसला.

प्रश्नकर्ता: आयएल-६ च अडवलं तर?

उत्तर १: आयएल-६ अडवणारं सिल्टुक्सिमॅब हे औषध देऊन पाहिलंय. १८ जणींपैकी एकीची गाठ आकसली, सातजणींची स्थिरावली. एक वाट बंद केली तरी बाकीच्या उघड्याच राहतात.