योहान 8 मधली ती बाई : दया झाली की खटलाच टिकला नाही?

संगमनेरकरीण
बुधवारी महिला मंडळात मला वचन सांगायचंय. उतारा बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला, 8:1-11, व्यभिचारात धरलेली स्त्री. यहुदी धर्मपुढारी तिला येशूपुढे आणतात, मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे हिला धोंडमार करायची, तू काय म्हणतोस असं विचारतात; तो म्हणतो, ज्याच्यात पाप नाही त्यानं पहिला धोंडा टाकावा. गेल्या वर्षी आमच्या मंडळीत एका मुलीला उपासनेत सगळ्यांसमोर उभं करून माफी मागायला लावली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती ती. मुलगा मागच्या बाकावर बसलेला, त्याला कोणी उठवलं नाही. तेव्हापासून हा उतारा माझ्याच्यानं मोठ्यानं वाचवत नाही. पाळकसाहेब म्हणतात, "पुन्हा पाप करू नको" यावर भर द्या. पण येशूनं इथं मोशेचं नियमशास्त्र बाजूला ठेवलं का?

जुना शिरस्तेदार
नाही, ताई. उलट नेमकं लावलं. त्याच नियमशास्त्राच्या पुस्तकांतली लेवीय 20:10 आणि अनुवाद 22:22 ही वचनं काढा, शिक्षा दोघांनाही आहे. ऐन कृत्यात धरली म्हणतात, मग पुरुष कुठाय? पुढे अनुवाद 17:6-7 : दोन-तीन साक्षीदारांशिवाय देहदंड नाही, आणि पहिला हात साक्षीदारांनीच टाकायचा. येशू त्यांना तिथंच आणून उभं करतो. वडीलधाऱ्यांपासून एकेक जण निघून गेला. "तुला कोणी दंड ठरवला नाही काय?" हे वाचताना मला कोर्टातला पुकारा ऐकू येतो. फिर्यादी गैरहजर.

पोथीवाचक
हा भाग सिनाय आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत नाही, पाचव्या शतकातल्या बेझा नावाच्या हस्तलिखितात आहे. कोणीतरी विचारेलच, तयारीत राहा. जुन्या काळातले ख्रिस्ती धर्माचार्य ऑगस्टीन यांच्या मते काहींनी तो मुद्दाम गाळला, बायकांना पापाची मोकळीक मिळेल या धास्तीनं.

संगमनेरकरीण
धास्ती तेव्हाही बायकांचीच! काका, साक्षीदारांचं पटलं. पण फिर्यादी नाही म्हणून सुटली, एवढ्यावर मन भरत नाही. "ज्याच्यात पाप नाही त्यानं पहिला धोंडा टाकावा" या अटीत बसणारा एक जण तिथं उरलाच होता. त्यानं धोंडा उचलला नाही. "पाप करू नको" म्हणाला, म्हणजे पापाला पाप म्हटलंच, पण दंड ठरवत नाही हे त्याआधी म्हणाला. हा क्रम आम्ही त्या मुलीच्या वेळी उलटा केला.

जुना शिरस्तेदार
हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बुधवारी हेच सांगा.

संगमनेरकरीण
सांगते. "तो पुरुष कुठे होता?" इथूनच सुरुवात करीन. फक्त त्या मुलीची आई मंडळात येते. आज संध्याकाळी तिच्या घरी जाऊन आधी विचारते, हा उतारा घेऊ का म्हणून.