−४ − ९ = १३? पूर्णांकांची वजाबाकी नेमकी कुठे अडते

सहावीची_आई
मुलगी सहावीत आहे. पूर्णांकांची बेरीज जमते, −७ + ३ = −४ न अडखळता सांगते. वजाबाकी आली की गोंधळ. वहीतली चार गणितं जशीच्या तशी देते:

४ − ९ = −५
−४ − ९ = १३
४ − (−९) = १३
−४ − (−९) = −१३

विचारलं की उत्तर येतं, "वजा वजा अधिक". नियम पाठ आहे, तरी दोन बरोबर आणि दोन चूक, असं का? संख्यारेषेवर समजावू की उधारीची उदाहरणं देऊ?

खडू_फळा
चारही उत्तरं एकाच पद्धतीने आली आहेत. ती वजाची चिन्हं मोजते आहे. −४ − ९ मध्ये दोन चिन्हं, म्हणून अधिक, म्हणून ४ + ९ = १३. शेवटच्या गणितात तीन चिन्हं: दोघांचं अधिक झालं, एक उरलं, म्हणून −१३. पहिलं आणि तिसरं गणित या पद्धतीनेही बरोबर येतं, एवढंच. त्यामुळे तिसऱ्याला दिलेली बरोबरची खूणही खरी धरू नका. बरोबर उत्तरं अनुक्रमे −५, −१३, १३ आणि ५.

"वजा वजा अधिक" हे वाक्य सध्या पूर्ण बंद करा. गुणाकारात ते दोन ऋण संख्यांना लागतं, इथे फक्त शेजारी आलेल्या दोन चिन्हांना. मुलं मात्र गणितात कुठेही दिसलेले दोन वजा जुळवून टाकतात.

त्याऐवजी गणित मोठ्याने वाचून घ्या. संख्येचं चिन्ह असेल तर "उणे", क्रिया असेल तर "वजा". −४ − ९ म्हणजे "उणे चार वजा नऊ". −४ − (−९) म्हणजे "उणे चार वजा उणे नऊ". वाचता आलं की पुढची कृती अशी: पहिल्या संख्येला हात लावायचा नाही, "वजा"च्या जागी "अधिक" लिहायचं आणि दुसऱ्या संख्येऐवजी तिची विरुद्ध संख्या घ्यायची.

−४ − ९ = −४ + (−९) = −१३
−४ − (−९) = −४ + ९ = ५

मधली पायरी लिहिल्याशिवाय उत्तर स्वीकारू नका. बेरीज येते आहे, म्हणजे अर्धं काम आधीच झालेलं आहे.

दोन_रंगी_बटणं
कृती बरोबर आहे, पण विरुद्ध संख्या का मिळवायची हे मुलीला दिसलं नाही तर तोही एक पाठ केलेला नियमच होईल. दोन रंगांची वीस-वीस बटणं घ्या. निळं म्हणजे +१, लाल म्हणजे −१. एक निळं आणि एक लाल मिळून शून्य. वजा करणं म्हणजे काढून घेणं.

सुरुवात −५ − (−२) ने करा. पाच लाल मांडा, दोन लाल काढा, तीन लाल उरली: −३. इथे कुठलाच नियम लागत नाही.

मग ३ − (−२). तीन निळी मांडली. दोन लाल काढायची आहेत, पण लाल एकही नाही. इथे घाई करू नका, तिला विचार करू द्या. शून्याच्या जोड्या कितीही ठेवल्या तरी किंमत बदलत नाही, म्हणून दोन जोड्या ठेवायच्या. आता निळी पाच, लाल दोन. दोन्ही लाल उचलली की पाच निळी उरतात. लाल काढण्यासाठी दोन निळी आत यावी लागली, हेच ते "विरुद्ध संख्या मिळवणं".

−४ − ९ साठी चार लाल मांडा. नऊ निळी काढायची, म्हणून नऊ जोड्या ठेवा. निळी उचलल्यावर तेरा लाल मोजून होतात. नेहमीची चूक म्हणजे जोडी न ठेवता नुसती हवी त्या रंगाची बटणं ठेवून तीच परत उचलणं. उत्तर पहिल्या संख्येइतकंच आलं तर हेच झालंय.

शून्यापासून
उधारीबद्दल. बेरजेला ती छान चालते. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांचे नियम मांडले तेही मालमत्ता आणि कर्ज याच भाषेत, आणि शून्यातून ऋण वजा केलं की धन येतं हा नियमही त्यात आहे. पण −७ − (−१०) ला सात रुपयांच्या कर्जातून दहा रुपयांचं कर्ज कसं माफ करणार? मूल तिथे अडतं, आणि ते रास्तच आहे. म्हणून उधारी बेरजेपुरती ठेवा.

संख्यारेषा वापरताना एकच प्रश्न विचारा: दुसऱ्या संख्येपासून पहिल्या संख्येपर्यंत जायला किती उड्या, कोणत्या बाजूला? −७ − (−१०): −१० पासून −७ पर्यंत उजवीकडे तीन, उत्तर ३. −४ − ९: ९ पासून −४ पर्यंत डावीकडे तेरा, उत्तर −१३. मुलं रेघा मोजतात, त्यामुळे उत्तर एकाने वाढतं. बोटाने प्रत्येक उडीची कमान काढायला लावा, आणि शून्य ओलांडताना तिथे थांबवा: नऊ उड्या शून्यापर्यंत, चार त्यापुढे.

सहावीची_आई
सुरुवात बटणांनी करते. −६ − (−९) + ४ − ११ अशी लांब गणितंही आहेत. तिथे काय करायचं?

खडू_फळा
आधी सगळ्या वजाबाक्या बेरजेत लिहून घ्यायच्या, मगच आकडेमोड:

−६ + ९ + ४ + (−११)

धन एकत्र १३, ऋण एकत्र −१७, उत्तर −४. एकेक पद डावीकडून घेतलं तरी तेच येतं: ३, मग ७, मग −४. चूक होते ती ४ − ११ आधी सोडवून −७ ऐवजी ७ लिहिल्याने, कारण लहानातून मोठं वजा करायची पाचवीपर्यंत सवयच नसते.

आणि दोन संख्यांच्या प्रत्येक वजाबाकीचा ताळा तिलाच करू द्या: उत्तरात दुसरी संख्या मिळवली की पहिली यायला हवी. १३ + ९ = २२, −४ नाही, म्हणजे −४ − ९ चं उत्तर १३ असूच शकत नाही. −१३ + ९ = −४, जुळलं. बेरीज तिला येते, त्यामुळे चूक कुणी दाखवायची गरज उरत नाही.