शब्दचर्चा: ‘सरासरी’, ‘सुमार’, ‘पुरेसं’ आणि ‘समाधान मानणं’

अक्षरयात्री
एका लेखासाठी शीर्षक सुचवलं गेलं आहे: ‘सरासरी आयुष्यावर समाधान मानावं की अधिकासाठी धडपडावं?’ वाक्य व्याकरणात बसतं. पण वाचल्याबरोबर पहिला पर्याय हरलेल्याचा वाटतो आणि दुसरा धापा टाकणाऱ्याचा. लेखकाला तर दोन्ही बाजू समान मानाने मांडायच्या आहेत. हा कल नेमक्या कुठल्या शब्दामुळे येतो? ‘सामान्य’, ‘साधारण’, ‘मध्यम’, ‘बेताचं’, ‘माफक’ यांतला कोणता शब्द इथे न्याय्य ठरेल?

कोशवाचक
आधी ‘सरासरी’ काढा. फारसीत ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. मराठीत त्याचा अर्थ पक्का झाला तो ‘एकूण बेरीज भागिले संख्या’ असा. हे समूहाचं माप आहे. सरासरी पाऊस, सरासरी वय, सरासरी धावा हे ठीक, कारण तिथे अनेक नोंदी एकत्र केलेल्या असतात. एका माणसाच्या आयुष्याला ‘सरासरी’ म्हणताना कशाची बेरीज केली आणि कितीने भागली, याचं उत्तर नसतं. वाचक मग त्या शब्दात ‘कमी प्रतीचं’ एवढंच वाचतो.

अंकमित्र
याला एक आकड्याचं उदाहरण जोडतो. पाच जणांकडे एखादी गोष्ट 2, 3, 3, 4 आणि 28 अशी आहे. बेरीज 40, मध्य म्हणजे सरासरी 8. मधला आकडा, म्हणजे मध्यक 3. सर्वाधिक वेळा आलेला, म्हणजे बहुलकही 3. पाचांपैकी चौघं सरासरीच्या खाली आहेत आणि 8 तर एकाकडेही नाही. एकच मोठा आकडा सरासरीला आपल्याकडे ओढून नेतो. ‘चारचौघांसारखं आयुष्य’ म्हणताना आपल्या मनात बहुलक असतो, पण शब्द वापरतो सरासरीचा. म्हणून शीर्षकात ‘चारचौघांसारखं’ घेतलं तर अर्थ जास्त खरा राहील.

अक्षरयात्री
‘चारचौघांसारखं’ आवडलं. पण ‘सामान्य’ का नको? तो तर शुद्ध, जुना आणि सोपा शब्द आहे.

कोशवाचक
‘सामान्य’ मुळात कमीपणाचा नाहीच. ‘समान’वरून आलेला, अनेकांत सारखा असलेला, असा त्याचा अर्थ. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनात ‘सामान्य’ आणि ‘विशेष’ हे दोन वेगळे पदार्थ, म्हणजे अस्तित्वाचे मूलभूत प्रकार, मानले आहेत, एक चांगला आणि दुसरा वाईट असा प्रकार तिथे नाही. व्याकरणातलं सामान्यनाम-विशेषनाम त्याच जोडीवर उभं आहे. ‘साधारण’चंही तेच: मसावि म्हणजे महत्तम साधारण विभाजक, म्हणजे दिलेल्या सर्व संख्यांना सामाईक असलेला. ‘सर्वसाधारण सभा’ म्हणजे सर्वांची सभा.

घसरण पुढे झाली. जे सगळ्यांकडे आहे त्याचं मोल कमी, ही समजूत शब्दाला चिकटली. आज ‘जेवण कसं होतं?’ याला ‘साधारण’ असं उत्तर आलं तर ते आवडलेलं नाही हे कळतं. ‘साधारण दहा वाजता’ मधला ‘अंदाजे’ हा अर्थ मात्र निर्दोष राहिला. उलट बाजूला ‘असामान्य’ आणि ‘असाधारण’ कौतुकाचे झाले, इतके की मानसशास्त्राला नेहमीपासून ढळलेल्या वर्तनासाठी ‘अपसामान्य’ हा वेगळा शब्द करावा लागला.

सर्वांत लांब घसरला तो ‘सुमार’. फारसी ‘शुमार’ म्हणजे मोजणी. जुन्या मराठीतली ‘खानेसुमारी’ म्हणजे घरटी मोजदाद. त्यातून ‘सुमारे शंभर’ म्हणजे अंदाजे. ‘याला काही सुमार?’ म्हणजे मर्यादा. ‘बेसुमार’ म्हणजे मोजदादीपलीकडचं. आणि विशेषण म्हणून नुसता ‘सुमार’ आला की सरळ ‘हलक्या दर्जाचं’. तेव्हा ‘सुमार आयुष्य’ हा निवाडा आहे, शीर्षकात तो नकोच.

प्रत्ययप्रेमी
‘बेता’च्या बाबतीत प्रत्यय लक्षात घ्या. ‘बेताने खर्च कर’, ‘बेतानं बोल’ यात शहाणपण आहे. पण ‘बेताची परिस्थिती’, ‘बेताची बुद्धी’ म्हटलं की उणेपणा आला. एकाच नामाला ‘-ने’ लागला की ती वागण्याची रीत होते आणि ‘-चा’ लागला की तुटवडा. ‘बेताचं आयुष्य’ लिहिलं तर वाचकाला पैशांची ओढाताण दिसेल. ‘बेतानं जगणं’ लिहिलं तर निवड दिसेल.

‘यथातथा’ कुणी सुचवण्याआधीच सांगतो: तो ‘जेमतेम’च्या जवळचा आहे, घेऊ नका. आणि तो ‘यथातथ्य’पासून वेगळा ठेवा. ‘यथातथ्य वर्णन’ म्हणजे जसं आहे तसं, हुबेहूब.

अक्षरयात्री
मग ‘माफक’?

कोशवाचक
मापाच्या सगळ्या शब्दांत हाच सर्वांत स्वच्छ राहिला आहे. अरबी ‘मुवाफिक’ म्हणजे जुळणारं, अनुकूल. ‘माफक अपेक्षा’, ‘माफक दर’ यात कुणाला कमी लेखलं जात नाही. अडचण एवढीच की तो अपेक्षा, दर, प्रमाण अशा मोजता येणाऱ्या गोष्टींना शोभतो. ‘माफक आयुष्य’ कानाला अडखळतं. ‘माफक अपेक्षांचं आयुष्य’ म्हणा.

प्रत्ययप्रेमी
विशेषणांवर बराच वेळ गेला. माझ्या मते शीर्षकाचा खरा कल क्रियापदात आहे: ‘-वर समाधान मानावं’.

‘समाधान’ सम् + आ + धा यावरून येतो. ‘समाधी’ त्याच धातूची. नीट एकत्र ठेवणं, जागेवर बसवणं हा मूळ भाव. म्हणूनच ‘शंकासमाधान’ म्हणजे शंका निकालात काढणं. मराठीत या नामाचा अर्थ सोबतच्या क्रियापदावर बराच अवलंबून असतो:

समाधान होतं, वाटतं, मिळतं: हे आपोआप घडतं, कर्त्याला ‘-ला’ लागतो किंवा ‘त्याचं समाधान झालं’ अशी षष्ठी येते. समाधान मानतो: इथे माणूस ठरवतो. ‘मानणं’ म्हणजे मनानं तसं धरून चालणं, जसं ‘मानलेला भाऊ’.

आता त्यातही विभक्ती बघा. ‘मिळेल त्यात समाधान मानतो’ यात माणूस त्या गोष्टीच्या आत सुखानं आहे. ‘मिळेल त्यावर समाधान मानतो’ यात तो तिथे थांबला आहे, आणि वर आणखी काही होतं जे हुकलं. खेळांच्या बातम्यांत ‘उपविजेतेपदावर समाधान मानावं लागलं’ असं छापून येतं, ‘उपविजेतेपदात’ कधीच नाही. शीर्षकातला ‘-वर’ काढून ‘-त’ घातला तर अर्धा कल तिथल्या तिथे निघून जाईल. दोन अक्षरांची दुरुस्ती आहे, पण ती केलीच पाहिजे, नाहीतर लेखकाची समतोल भूमिका पहिल्या ओळीतच मोडते.

‘समाधानी’ आणि ‘समाधानकारक’ हेही एक नव्हेत. माणूस समाधानी असतो. काम समाधानकारक असतं, आणि शेऱ्यात ‘समाधानकारक’ हा ‘चांगलं’च्या खालचा असतो. ‘समाधानकारक आयुष्य’ लिहिलं की वाचकाला तो शेरा आठवतो. ‘समाधानी आयुष्य’ लिहा. ‘अल्पसंतुष्ट’ आज बहुतेक वेळा टीकेसाठीच येतो, तो टाळा.

उदाहरणवेडी
या चर्चेत ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ येणारच, म्हणून आधीच लिहिते. ही ओळ ‘धडपडू नका’ या अर्थाने म्हणीसारखी वापरली जाते आणि तिचा पुढचा भाग गाळला जातो: ‘चित्ती असो द्यावे समाधान’. तिथे समाधानाची जागा चित्त ही आहे. बाहेरचा प्रयत्न थांबवा, असं ती ओळ म्हणत नाही. ‘असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास’ हेही तुकारामांचंच आहे. एकाच कवीनं दोन्ही म्हटलं आहे, तेव्हा समाधान आणि सायास यांना ‘की’ने तोडणं मराठीच्या स्वतःच्या वापराला धरून नाही. शीर्षकातला ‘की’ मला ‘सरासरी’पेक्षा जास्त खटकतो.

अक्षरयात्री
‘की’ काढला तर प्रश्नच उरत नाही. दुसऱ्या बाजूला काय घ्यावं ते सांगा. ‘धडपड’ ठेवावी का?

उदाहरणवेडी
‘धडपडणं’मध्ये पडणं आहे. ‘पायऱ्यांवर धडपडला’ म्हणजे तोल गेला. ‘धडपड्या’ माणूस कौतुकाचा असला, तरी ‘जगण्याची धडपड’ म्हणजे कसंबसं तग धरणं. ‘खटपट’ आणि ‘खटाटोप’ यांत कष्ट जास्त आणि फळ कमी असा सूर आहे. ‘राबणं’ बहुधा दुसऱ्यासाठी किंवा नाइलाजानं. ‘झटणं’ मला योग्य वाटतं, कारण त्याला ‘कशासाठी’ जोडावंच लागतं. ‘तो झटतो’ एवढ्यावर वाक्य अपुरं राहतं.

नामांपैकी ‘हाव’ सुटते, ‘ध्यास’ लागतो किंवा घेतला जातो, ‘जिद्द’ धरली किंवा बाळगली जाते. हाव कुणी ‘घेत’ नाही, ती माणसाला सुटते. ध्यास दोन्ही बाजूंनी चालतो. जिद्द मात्र कर्त्याच्या हातात आहे. हिंदीत ‘ज़िद’ म्हणजे हट्ट. मराठीत तोच अरबी शब्द ‘जिद्द’ होऊन गुण झाला. ‘ईर्षा’चंही तसंच: संस्कृत ‘ईर्ष्या’ मत्सर, पण ‘ईर्षेनं खेळले’ म्हणजे चुरशीनं, पेटून उठून.

कोशवाचक
‘महत्त्वाकांक्षा’ कुणी सुचवेल, तर तिचा विग्रह बघावा: महत्त्वाची आकांक्षा. मोठेपण हवं, असा तिचा शब्दशः अर्थ आहे. काम उत्तम व्हावं ही इच्छा त्यात येतेच असं नाही. एखाद्याला वाद्य नीट वाजवता यावं असं वाटतं, त्याला ‘ध्यास’ आहे. त्या वाजवण्यासाठी आपल्याला लोकांनी ओळखावं असं वाटतं, ती ‘महत्त्वाकांक्षा’. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, पण लेखात एकाच्या जागी दुसरा शब्द पडला की पुढचा सगळा युक्तिवाद भरकटतो. शुद्धलेखन: महत् + त्व, म्हणून दोन ‘त’. ‘महत्वाकांक्षा’ चूक.

अंकमित्र
माझा मुद्दा अजून मापाचाच आहे. अर्थशास्त्रात याला जवळची एक कल्पना आहे. हर्बर्ट सायमन यांनी ती मांडली. त्यांना 1978 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. निवड करताना सगळे पर्याय तपासून सर्वोत्तम शोधण्याइतका वेळ आणि माहिती माणसाकडे नसते. म्हणून तो आधी एक पातळी ठरवतो, पर्याय एकेक करून बघतो, त्या पातळीला उतरणारा पहिला पर्याय घेतो आणि शोध थांबवतो. सगळेच नापास होऊ लागले तर पातळी खाली येते, सहज पास होऊ लागले तर वर जाते. याला मराठीत ‘तडजोड’ म्हणणं चूक आहे. तडजोडीत ठरवलेली गोष्ट सोडावी लागते. इथे तर ठरवलेली गोष्ट मिळालेली असते. बिघडतं कधी? पातळी आधी न ठरवता, जे हाती आलं त्यालाच नंतर ‘हेच हवं होतं’ म्हटलं की. आधी ठरवलेल्या पातळीला उतरणाऱ्या त्या पर्यायाला एका शब्दात काय म्हणाल?

प्रत्ययप्रेमी
‘पुरेसं’. ‘पुरणं’ या क्रियापदाला चतुर्थीचा अर्थ लागतोच: मला पुरतं, चौघांना पुरतं, महिन्याला पुरतं. ‘पुरेसं आहे’ म्हटलं की ‘कशाला?’ हा प्रश्न मराठी कान विचारतोच. तुमची आधी ठरवलेली पातळी या ‘-ला’मध्ये बसते.

आणि शीर्षकातल्या ‘अधिका’चं उरलंय. ‘अधिक’ला ‘-पेक्षा’ लागतं. ‘अधिकासाठी’ असं नाम करून टाकलं की ‘-पेक्षा’ गळून पडतं आणि अधिकाला तळही राहत नाही, छतही नाही. कालच्या स्वतःपेक्षा, शेजाऱ्यापेक्षा, की गरजेपेक्षा, या तीन वाक्यांची तीन वेगळी आयुष्यं होतात. लेखकाला यातलं कुठलं म्हणायचं आहे ते त्यानं ठरवल्याशिवाय शीर्षक दुरुस्त होणार नाही.

अक्षरयात्री
लेखाचा मसुदा पुन्हा पाहिला. त्यात तुलना शेजाऱ्याशी नाही, स्वतःच्या कौशल्याशी आहे. मग असं चालेल?
‘चारचौघांसारखं जगणं मला पुरतं का? आणि आहे त्यापेक्षा अधिक हवं, ते कशासाठी?’

प्रत्ययप्रेमी
चालेल. ‘मला पुरतं का’मध्ये ‘-ला’ आला, दुसऱ्या वाक्यात ‘-पेक्षा’ आणि ‘-साठी’ दोन्ही आले. मात्र ‘जगणं’ आणि ‘आयुष्य’ लेखात सरमिसळ करू नका. ‘जगणं’ ही क्रिया, रोजची. ‘आयुष्य’ ही मुदत, एकूण. रोजच्या पुरण्या-न-पुरण्याबद्दल लिहायचं असेल तर ‘जगणं’च शेवटपर्यंत ठेवा.

उदाहरणवेडी
मजकुरात ‘झटणं’ आणि ‘ध्यास’ वापरा, ‘धडपड’ फक्त जिथे खरोखर तोल सावरणं चाललंय तिथेच. आणि ‘मिळेल त्यावर समाधान’ असं जिथे जिथे आलंय तिथे ‘त्यात’ करा. मसुद्याच्या दुसऱ्या परिच्छेदापासून सुरुवात केली तर बाकीचं आपोआप जुळत जाईल.