हिंदू धर्म इंग्रजांनी 'बनवला' का?

आडवातिडवा (धागाकर्ता):
'हिंदू' शब्द जुनाच आहे, त्यावरून भांडण नको. माझं म्हणणं एवढंच की वारकरी, लिंगायत, शाक्त, खंडोबावाले या सगळ्यांना एकाच खात्यात टाकून त्याला एक धर्म म्हणायचं काम गोऱ्या साहेबाच्या कारभाराने केलं. १७७२ ला बंगालचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जने ठरवलं की मुसलमानांचा वारसा-लग्नाचा निवाडा कुराणाप्रमाणे आणि 'जेंटूं'चा (म्हणजे हिंदूंचा) शास्त्राप्रमाणे, मग शास्त्र कुठलं तर पंडित बसवून काढून घेतलेलं, १७७६ ला कंपनीच्या हॅल्हेडने ते इंग्रजीत छापलं पण. गावच्या जातपंचायतीत कोण पोथी उघडून बसत होतं हो? पुढे १८७१-७२ ची खानेसुमारी (जनगणना) आली आणि धर्माच्या रकान्यात एकच काय ते सांगा.

पैठणचा_पाहुणा:
एकनाथांचं हिंदू-तुर्क (तुर्क म्हणजे मुसलमान) संवाद भारूड वाचा आधी. नाथ गेले १५९९ ला, ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली १६०० ला. त्यात तुर्क मूर्तिपूजेवरून, सोवळ्याओवळ्यावरून टोमणे हाणतोय, हिंदू पण उलट सुनावतोय आणि दमले की शेवटी गळाभेट. भांडण देव कुठे असतो यावर चाललंय राव, सिंधूच्या अलीकडे कोण राहतं यावर नाही. हा धर्म नाही तर काय?

आडवातिडवा:
तुर्क समोर उभा राहिला की सगळे हिंदू, मान्य. तो गेला की परत आपापली जात, आपापला पंथ, आपापलं दैवत. सरकारी रकाना मात्र कायम समोर उभा.

कागदकीडा:
दोघंही बंगालातून थेट पैठणला उडी मारताय, मध्ये पुणं आहे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनच्या अमदानीत जातीजातीला विचारून रूढी लिहून घेतल्या, त्यांचं स्टीलचं पुस्तक आलं १८२७ ला. त्याच साली मुंबई इलाख्याच्या रेग्युलेशनमध्ये देशरिवाज आधी, धर्मशास्त्र नंतर असा क्रम लावला. म्हणजे सगळीकडे एकच साचा ठोकला हे खरं नाही.

पाटी_पेन्सिल:
१९१० चं कुणी काढत कसं नाही? खानेसुमारी कमिशनर गेटने सर्क्युलर काढलं, कोणत्या जाती ब्राह्मणांचं श्रेष्ठत्व मानत नाहीत, वेद मानत नाहीत, कुणाला देवळात घेत नाहीत, कोण गाईचं मांस खातं, कोण मढी पुरतं, ते वेगळं कळवा. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या पुस्तकात ही यादी घेतलीय. मला ती साहेबाची करामत वाटत नाही, देवळाचं दार आधीपासूनच बंद होतं, त्याने फक्त विचारलं. मग हिंदूंचे आकडे कमी होतील म्हणून जे घाबरले त्यांना आम्हा दलितांची आठवण झाली.

पैठणचा_पाहुणा:
हा मुद्दा दोघांनाही लागतो, मला पण. तरी 'बनवला' हा शब्द मी घेणार नाही.

आडवातिडवा:
बरं, 'बनवला' मागे घेत नाही पण १९६६ बघा. स्वामीनारायण सत्संगी सुप्रीम कोर्टात म्हणाले आम्ही हिंदू नाही, म्हणून दलितांना मंदिरप्रवेशाचा कायदा आम्हाला लागू नाही. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी टिळकांची व्याख्या काढली, वेदांवर श्रद्धा, साधनं अनेक, उपास्याचा नियम नाही, आणि सांगितलं तुम्ही हिंदूच. आता व्याख्या कोर्ट करतंय, हे कुठून आलं?

पाटी_पेन्सिल:
कुठूनही येऊ दे, दार उघडलं ना? तुमच्या 'आपापला पंथ'वाल्या जमान्यात आम्ही बाहेरच होतो.