तातडीने मदत हवी आहे : बाईंच्या ऐवजी त्यांची मुलगी कामाला येते (इंदूर)

पुण्यातला_इंदुरी : नमस्कार. लोकमान्य नगरात माझ्या आईकडे धुणीभांडी करणाऱ्या बाई तीन आठवड्यांपासून स्वतः न येता आपल्या मुलीला पाठवीत आहेत. शेजारच्या काकूंनी काल आईला "पोलीस केस होईल" असे ऐकवल्यापासून तिला झोप लागलेली नाही. मुलीला परत पाठवावे की बाईंनाच कामावरून कमी करावे, एवढेच सांगावे. आज रात्री आईला फोनवर उत्तर द्यायचे आहे. प्रवचन नको.

क्षिप्राकाठ : सगळे उत्तर ज्यावर अवलंबून आहे, ते मुलीचे वयच आपण लिहिलेले नाही. ती शाळेत जाते का, आपल्या मातोश्रींकडेच राहते की काम करून घरी जाते, आणि बाई का येत नाहीत, हेही कळवावे.

पुण्यातला_इंदुरी : वय बारा-तेरा असेल. सकाळी नऊला येते, साडेदहाला जाते. बाईंना बरे नाही. या चौकशीचा माझ्या प्रश्नाशी काय संबंध, हे समजले नाही.

क्षिप्राकाठ : संबंध असा, की नऊ ते साडेदहा ही बहुधा शाळेची वेळ असते. घरकाम 10 ऑक्टोबर 2006 पासून चौदा वर्षांखालील मुलांसाठी निषिद्ध कामांच्या यादीत होतेच. बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनंतर या वयाच्या मुलांना कोणत्याही कामावर ठेवणे हा दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येईल असा) गुन्हा झाला आहे. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा 20,000 ते 50,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. "तिच्या आईनेच पाठवली" हा बचाव आपल्या मातोश्रींच्या उपयोगाचा नाही, कारण कामावर ठेवणाऱ्या त्या आहेत.

सराफ्याचा_खवय्या : एवढे घाबरवण्याचे कारण नाही. आम्हीही लहानपणी विहिरीचे पाणी भरले, शेण काढले, आणि शिकलोही. शिवाय मुलांनी कुटुंबाला मदत केलेली कायद्याला चालते.

क्षिप्राकाठ : ती सूट कुटुंबाच्या स्वतःच्या, धोकादायक नसलेल्या व्यवसायापुरती आहे, आणि तीही शाळा सुटल्यावर किंवा सुटीत. आपण पाणी भरले ते आपल्या घरचे. ही मुलगी भांडी घासते ती दुसऱ्याच्या घरची.

रामबागकर : आम्ही डिशवॉशर घेतल्यापासून हे प्रश्नच मिटले. कढईसुद्धा स्वच्छ निघते. मॉडेल हवे असल्यास कळवीन. नवी बाई ठेवल्यास तिच्या आधारची प्रत मात्र अवश्य घ्यावी.

निवृत्त_शिक्षिका : आधारची प्रत कोणीही विचारलेली नाही. मूळ लेखकांना सांगावेसे वाटते, की मुलीला नुसते परत पाठवल्यास ती उद्या दुसऱ्या घरी जाईल आणि बाईंना काढल्यास परवा चार घरी. माझ्या वर्गातून सातवीनंतर गळालेल्या कितीतरी मुली अशाच आईच्या बदलीवर गेल्या होत्या; "आठच दिवस" म्हणून गेल्या आणि परत आल्याच नाहीत. बाईंना नेमके काय झाले आहे, आणि त्या आल्या नाहीत तर आपल्या आई खाडे कापतात का?

जागरूक_नागरिक : यात विचारण्यासारखे काहीही नाही. 1098 या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर फोन करावा. ही सेवा चोवीस तास चालते, आणि पुढचे बाल कल्याण समिती पाहील.

निवृत्त_शिक्षिका : मुलगी घरात डांबलेली असती, मारहाण होत असती किंवा गावाहून आणून ठेवलेली असती, तर मीच पहिला फोन केला असता, तशा प्रसंगी मुलांना डांबून राबवण्याविरुद्धचे बाल न्याय कायद्याचे 79 वे कलम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना लागू होते. येथे मात्र ज्या घराने तिला कामाला लावले आहे, तेच घर आज काम थांबवू शकते.

जागरूक_नागरिक : अशी समजूतदार माणसेच हा कायदा कागदावर ठेवतात.

पुण्यातला_इंदुरी : आईशी बोललो. बाईंचे मनगट मोडले असून हाताला प्लास्टर आहे. आई खाडे कापते. गेल्या दिवाळीत त्या आठ दिवस गावी गेल्या, तेव्हा तिने आठ दिवसांचे पैसे कापले होते, आणि या वेळी त्यांनी मुलीला पाठवण्याचे कारण तेच आहे. हे मला ठाऊक नव्हते. कायद्याने त्यांना आजारपणाची पगारी रजा मिळते का?

क्षिप्राकाठ : घरकामगारांसाठी देशभर लागू असा स्वतंत्र कायदा अद्याप नाही. त्यांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2011 चा करार भारताने अजून मान्य केलेला नाही, आणि असा कायदा करता येईल का हे तपासण्यासाठी समिती नेमण्यास सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये केंद्राला सांगितले. म्हणून रजा देणे आज आपल्या आईंच्याच हाती आहे. बाईंची ई-श्रम (असंघटित कामगारांची सरकारी) नोंदणी झाली नसल्यास तीही करून द्यावी.

निवृत्त_शिक्षिका : प्लास्टर निघेपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि तो मुलीच्या हाती न देता बाईंच्या हाती द्यावा. मुलीचे नाव शाळेतून कमी झाले असल्यास 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो.

पुण्यातला_इंदुरी : आई पूर्ण पगाराला तयार आहे, भांडी ती स्वतः घासणार आहे, त्यावर तिने मला बरेच ऐकवले. मुलगी उद्यापासून आमच्याकडे येणार नाही. पण बाईंची आणखी तीन घरे आहेत आणि मुलगी तेथेही जाते. त्यांतले एक घर पोलीस केसचे बोलणाऱ्या काकूंचेच आहे. त्यांना हे कोणी आणि कसे सांगावे?

निवृत्त_शिक्षिका : आपल्या आईंनी सांगावे, आणि आज सायंकाळीच सांगावे. मुलगी सकाळी पुन्हा त्यांच्या दारात उभी असेल.