आतड्यातील यीस्टमुळे मुलांच्या रक्तात मद्यार्क?

प्रश्न: भाच्याचे लहान आतडे शस्त्रक्रियेत बरेचसे काढावे लागले आहे. हल्ली फळांचा रस प्यायल्यावर तो पेंगतो, अडखळत चालतो आणि त्याच्या तोंडाला आंबूस वास येतो. घरात दारूचा थेंब नसताना असे कशाने होत असावे?

प्रतिसाद १: आतडे आखूड असल्यास न शोषलेली साखर पुढे सरकते आणि तेथे माजलेले कँडिडा किंवा सॅकरोमायसिस यीस्ट तिच्यापासून इथेनॉल (म्हणजे मद्यार्क) तयार करते. अशाच एका १३ वर्षांच्या मुलीची नोंद २००१ साली प्रसिद्ध झाली होती. फ्लुकोनाझोल या बुरशीरोधक औषधाने तिला आराम पडला. औषध मात्र बालपोटविकारतज्ज्ञांनीच ठरवावे.

प्रतिसाद २: आतड्यातील जिवाणूंमुळे होणाऱ्या डी-लॅक्टिक आम्लतेतही (रक्तात डी-लॅक्टेट हे आम्ल साठण्यातही) मूल असेच झिंगल्यासारखे दिसते, म्हणून लक्षणे असतानाच तातडीने रुग्णालयात नेऊन रक्तातील साखर, इथेनॉल आणि डी-लॅक्टेट तपासून घ्यावे. रक्त घेताना कातडी स्पिरिटने पुसू देऊ नये, नाहीतर अहवालावरच शंका घेतली जाते.